नवा पाळणा कोणता? उंच नको, ओला नको, घराला पुरेल असा हवा

चैत्र-वैशाख म्हणजे गावोगावच्या यात्रांचे दिवस. पालखी, कुस्त्यांचा फड, तमाशा आणि आकाशपाळणा यांशिवाय आपल्याकडे यात्रा भरत नाही. पण यात्रेतला पाळणा चार दिवसांनी ट्रकवर चढतो आणि पुढच्या गावाला जातो. आता महामार्गालगत आणि देवस्थानांच्या वाटेवर बारमाही पाळणे उभे राहू लागले आहेत. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. हुरडा, चुलीवरचे जेवण आणि बैलगाडीची फेरी एवढ्यावर सुरू केलेला धंदा मग हळूहळू पोहण्याचा हौद, घसरगुंड्या आणि पाळणे असा वाढत जातो.

अशा लहान उद्यानाच्या मालकासमोर दर दोन-तीन वर्षांनी एकच प्रश्न उभा राहतो : यंदा नवीन काय? एकदा आलेला माणूस पुन्हा यायचा तर काही तरी नवे हवे. त्यावर बहुतेकांना दोन उत्तरे सुचतात. एक, शहरातल्यासारखा उंच रोलर कोस्टर. दोन, पाण्याची आणखी एक घसरगुंडी. आमच्या मते लहान उद्यानासाठी ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. शिवाय हा प्रश्न एकट्या मालकाचा नाही. जमीन, पाणी आणि रोजगार गावचा असतो, म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शेतकऱ्यांनीही त्यात लक्ष घातले पाहिजे.

गिऱ्हाईक कोण?

खेड्याजवळच्या उद्यानात येतो कोण? शाळेची सहल, देवदर्शनाहून परतणारे कुटुंब, लग्नसराईत जमलेले पाहुणे. एका जीपमध्ये आजी असते, चार वर्षांचा नातू असतो आणि कॉलेजात जाणारा भाचाही असतो. उंच रोलर कोस्टरवर यातला एकटा भाचा बसणार. बाकीचे खाली उन्हात उभे राहणार आणि घरी जाताना म्हणणार, ‘एवढं तिकीट काढून आम्ही नुसतं बघतच बसलो!’ असे कुटुंब पुन्हा येत नाही.

रोलर कोस्टर म्हणजे रुळांवरून चढ-उतार करत धावणारी गाडी. तिला इंजिन नसते. साखळीने किंवा चाकांनी तिला एकदा वर ओढायचे, पुढचे काम उतार करतो. यात एक साधे गणित आहे. घर्षण सोडून दिले तर ३० फुटांवरून सुटलेली गाडी खाली येईपर्यंत ताशी सुमारे ४८ किलोमीटरचा वेग घेते आणि १२० फुटांवरून सुटलेली ताशी ९६ किलोमीटरचा. म्हणजे उंची चौपट केली तरी वेग फक्त दुप्पट होतो. लोखंड, पाया, वाऱ्याचा ताण आणि दुरुस्तीचा खर्च मात्र दुपटीवर थांबत नाही. पोरांना ओरडायला लावायचे तर ताशी ४०-४५ किलोमीटर आणि दोन-तीन चांगली वळणे पुष्कळ झाली.

मक्याच्या शेतातले उद्यान

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात दक्षिणेला सांताक्लॉज नावाचे गाव आहे. वस्ती अडीच हजारांच्या आसपास, भोवती मका आणि सोयाबीनची शेती. तिथे १९४६ पासून एका कुटुंबाचे उद्यान चालू आहे. त्याचे आजचे नाव हॉलिडे वर्ल्ड. जवळपास मोठे शहर नाही, म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावासारखीच स्थिती. या कुटुंबाने घाई केली नाही. १९९५, २००० आणि २००६ असे अंतर ठेवून तीन लाकडी रोलर कोस्टर उभे केले. २००६ चा सुमारे ६५ लाख डॉलरचा होता आणि टेकड्यांच्या चढ-उतारांचा फायदा घेऊन बांधला होता. २०१५ मध्ये सव्वादोन कोटी डॉलरच्या घरातला मोठा पोलादी रोलर कोस्टर आला.

यानंतर त्यांनी आणखी उंच काही बांधले असेल असे कोणालाही वाटेल. पण २०२४ मध्ये त्यांनी सुमारे एक कोटी डॉलर खर्चून मधल्या उंचीचा, घरातल्या सगळ्यांसाठी असलेला रोलर कोस्टर आणला. कारण उघड होते. बारक्या पोरांसाठी एक छोटी गाडी होती, तरण्यांसाठी चार मोठ्या होत्या, मधली पायरीच नव्हती. २००६ च्या गाडीला मूल ४८ इंच उंच लागते, या नव्या गाडीला ३८ इंच पुरतात. गाडी रुळांवरून पुढे जाते आणि त्याच रुळांवरून उलटी परत येते. त्यामुळे थोड्या जागेत दोनदा मजा मिळते. देखावाही घरगुती आहे : सणाच्या दिवशीचे आजीचे स्वयंपाकघर, आणि गाडी रस्सा वाढायच्या भांड्याच्या आकाराची. आपल्याकडे तिथे बैलगाडा, पोळा किंवा गुऱ्हाळ का असू नये? तो देखावा गावचा सुतार आणि गावचा पेंटर उभा करू शकतो.

खालापूरचा अनुभव

दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातले. रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात २०१३ मध्ये इमॅजिका हे भव्य उद्यान सुरू झाले. तिथला नायट्रो हा रोलर कोस्टर सुमारे १३० फूट उंच असून ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने धावतो. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांचा गिऱ्हाईक हाताशी, द्रुतगती मार्ग जवळ. तरीही प्रकल्पाला कर्जाचा भार पेलला नाही. त्यात २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी आली. अखेर थकीत कर्जाची तडजोड होऊन २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने सुमारे ४१५ कोटी रुपये घालून त्यातला मोठा हिस्सा घेतला. हा समूह त्याआधी शिर्डी आणि लोणावळा येथे लहान उद्याने चालवत होता.

एकट्या रोलर कोस्टरने ते कर्ज वाढले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण धडा घ्यायचाच तर तो असा : दोन महानगरांच्या मध्ये बसलेल्या उद्यानाला जे झेपले नाही, ते तालुक्याच्या उद्यानाने सोसायटी-बँकेच्या कर्जावर करायला जाऊ नये.

मे महिन्याचा टँकर

आता पाण्याच्या घसरगुंडीकडे वळू. ती स्वस्त पडते आणि उन्हाळ्यात लोकांना आवडते, हे खरे. पण उद्यानाचा हंगाम आणि टँकरचा हंगाम एकच असतो, एप्रिल-मे. हौदातले पाणी गाळून पुन्हा वापरता येते, पण उन्हाने उडून जाणारे पाणी परत येत नाही. भर उन्हाळ्यात रोज एक सेंटिमीटर पाणी उडते असे धरले, तर एक एकर पसरलेल्या पाण्यातून दिवसाला सुमारे ४० हजार लिटर गेले. म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने हे सातशेहून अधिक लोकांचे रोजचे पाणी झाले. शिंपडून, अंगावरून आणि हौद धुण्यात जाते ते वेगळेच.

ज्या गावात मे महिन्यात बायाबापड्या हंडा घेऊन टँकरची वाट बघतात, त्या गावच्या शिवेवर ओली घसरगुंडी वाढवणे म्हणजे भांडणाला निमंत्रण आहे. बोअर उद्यानाचे आटले तर शेजारच्या शेतकऱ्याचेही आटते. कोरड्या रोलर कोस्टरला पाणी लागत नाही, थ्री फेज वीज लागते. दुष्काळी पट्ट्यात हा एकच मुद्दा निर्णयाला पुरेसा आहे.

काळी रान सोडा, माळ घ्या

जागेचेही तसेच. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बांधलेल्या घराच्या भिंतींना तडे जातात, हे कोणा शेतकऱ्याला सांगायला नको. रुळांचे खांब एका पातळीत राहायचे तर पाया खालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो, म्हणजे खर्च वाढला. त्यापेक्षा मुरमाड माळ बरा. त्याला उतार असेल तर उत्तमच, कारण उतारावर रूळ जमिनीलगत टाकता येतात, खांब बुटके राहतात आणि उंची निसर्ग फुकट देतो. बागायती जमीन मोडायची गरज उरत नाही. बिनशेतीचे काय ते मात्र तहसील कार्यालयात आधी विचारून घ्यावे, खांब उभे राहिल्यावर नव्हे.

गाडी निवडताना तासाला किती माणसे बसतात हे पाहावे. सोळा जणांची गाडी तीन मिनिटांनी सुटली तर तासाला ३२० जण होतात. दहा बसगाड्यांतून आलेली पाचशे पोरे पावणेदोन तासांच्या आत मोकळी होतात. चारच जणांची एक गाडी असेल तर त्याच पोरांना सहा तासांहून जास्त लागतील आणि गुरुजी पुढच्या वर्षी सहल दुसरीकडे नेतील.

जिवाशी गाठ

सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात महत्त्वाचे. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ झोका मोडून पडला. दोघांचा जीव गेला आणि पंचवीसहून अधिक जण जखमी झाले. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या खेळघरात आग लागून २७ जण दगावले. तिथे अग्निशमन दलाचा ना हरकत दाखलाच नव्हता. ही दोन्ही ठिकाणे मोठ्या शहरांतली, तिथे ही गत. तालुक्याला अग्निशमनाचा बंब पोचायला किती वेळ लागतो, हे आपण जाणतोच.

मनोरंजनाच्या पाळण्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १५४७५ हे मानक आहे. ग्रामपंचायतीने ठराव देण्यापूर्वी मालकाला पुढील गोष्टी विचाराव्यात :

१) पाळणा नवा आहे की दुसरीकडून काढून आणलेला? जुना असेल तर सांध्यांची तपासणी कोणी केली?

२) मानकाप्रमाणे बांधणी झाल्याचा दाखला आणि विद्युत निरीक्षकांचा दाखला आहे काय?

३) वीज गेली तर काय? चांगल्या गाडीचे ब्रेक वीज किंवा हवेचा दाब गेला की स्प्रिंगने आपोआप आवळले जातात आणि चढावर दातऱ्यांमुळे गाडी मागे घसरत नाही. हे चालवून दाखवावे. अडकलेली माणसे खाली कशी उतरवणार, तेही दाखवावे.

४) रोज सकाळी रिकामी फेरी आणि तपासणीची वही ठेवणार काय? पावसाळ्यानंतर गंज आणि नटबोल्ट कोण बघणार?

५) विमा किती रकमेचा?

६) गावातली किती मुले कामाला घेणार, आणि त्यात आयटीआय झालेले फिटर, इलेक्ट्रिशियन किती?

यातला शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. गाड्या पुसायला आणि तिकिटे फाडायला गावची पोरे आणि यंत्र बघायला बाहेरचा माणूस, अशी वाटणी होऊ नये. बुटकी, साधी गाडी घेतली तर तिची देखभाल गावचा फिटर शिकू शकतो. उंच परदेशी गाडीचा एक सुटा भाग यायला महिना लागला तर भर हंगामात गाडी उभी राहते आणि हप्ता मात्र चालू राहतो.

पंचायतीच्या उत्पन्नाचाही विचार व्हावा. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने करमणूक कर पंचायती आणि नगरपालिकांनी लावून वसूल करण्यापुरता राज्यांच्या यादीत शिल्लक ठेवला आहे. त्याबाबत गावाला काय करता येईल, हे गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी विचारून घेतलेले बरे.

थोडक्यात, लहान उद्यानाने २५-३० फूट उंचीची, कोरडी, माळावरच्या उताराला धरून जाणारी, आजी आणि नातू शेजारी बसतील अशी गाडी घ्यावी. जिल्ह्यात सर्वांत उंच अशी पाटी लावता येणार नाही, पण ती पाटी दोन वर्षांत दुसऱ्याच्या दारात जाते. गिऱ्हाईक परत येते ते घरातल्या सगळ्यांना बसायला मिळाले म्हणून. मालकाला हे पटो न पटो, पाण्याचा आणि दाखल्यांचा हिशेब ग्रामसभेने मागितलाच पाहिजे. तो मागण्याची वेळ पाळणा उभा राहण्याच्या आधी असते.