घर घेणारानें काय मागावें?

घर विकत घेणारा मनुष्य काय मागतो, यावरून त्याची संसाराची कल्पना कळून येते, असें आम्हांस वाटतें. हा नियम खरा धरला, तर कल्याण-डोंबिवलीच्या टापूंत मध्यमवर्गाची ही कल्पना गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळच पालटली आहे. आणि तो सारा पालट सुधारणेच्याच दिशेनें झाला, असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.

मोहने गांवचेंच उदाहरण घेऊं. आंबिवली स्टेशनाजवळचें, उल्हास नदीच्या कांठचें हें गांव. १९४६ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्यानें त्याला कामगारवस्तीचें रूप दिलें. तो कारखाना २००९ सालीं बंद पडला. दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाच्या मागण्या तेव्हां थोड्या असत : नळाला पाणी, स्वतःची मोरी आणि साधल्यास स्वतंत्र शौचकूप. पुढें ब्लॉक आले आणि 'सेल्फ-कंटेन्ड' हा शब्द मोठ्या अभिमानानें उच्चारला जाऊं लागला. आज कल्याणच्या आसपास नव्या इमारतींच्या जाहिराती पाहाव्या, तर पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, क्लबहाऊस आणि राजवाड्यास शोभेल अशी देवडी यांचीच चित्रें पुढें येतात. ज्या खोलींत जन्म काढावयाचा, तिचें चित्र शेवटच्या पानावर असतें.

जुन्या घरांचें गुणगान करण्यासाठीं ही लेखणी उचललेली नाहीं. ओटी, माजघर, परसूं हे शब्द कानाला गोड लागतात. परंतु पुष्कळ माजघरांत भर दिवसा दिवा लावावा लागे, चुलीच्या धुरानें बायकांचे डोळे जात, आणि परसांतील शौचकूप साफ करण्याचें काम समाजानें कांहीं जातींच्या माथीं मारलें होतें. घरांत आलेला नळ, गॅसची शेगडी आणि सांडपाण्याची नळी यांनीं जी सुटका केली, तिला नांवें ठेवणारा मनुष्य स्वतः कधीं पाणी भरावयास गेला नसला पाहिजे. सोय मागणें हा आमच्या टीकेचा विषय नाहीं. सोय टाकून देखावा मागणें, हा आहे.

याचा धडधडीत पुरावा म्हणजे गॅलरी. लहानशा ब्लॉकांत घरच्या बाईला आकाश दिसण्याची ती एकच जागा. तेथें धुणें वाळे, कुरडया वाळत, तुळशीची कुंडी असे आणि घरचा म्हातारा संध्याकाळीं रस्ता पाहत बसे. तिचें आम्हीं काय केलें? दिवाणखाना चार फूट वाढावा म्हणून तिला सरकत्या कांचा लावल्या आणि ती आंत ओढून घेतली. मग आंत वारा येईना, म्हणून भिंतीवर थंड हवेचें यंत्र बसविलें. आणि धुणें वाळविण्यास जागा उरेना, म्हणून सोफ्याशेजारीं घडीची दांडी उभी केली. २०२० सालच्या टाळेबंदीनें सर्वांस घरांत कोंडलें, तेव्हां गॅलरीची आठवण झाली. आणि आज तीच 'डेक' या नव्या नांवानें नव्या किंमतीला घेण्यास आम्ही रांग लावतों!

कायद्याकडे बोट दाखवून येथें सुटका नाहीं. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें चटई क्षेत्राची व्याख्या स्पष्ट केली : आंतल्या भिंती धरावयाच्या, बाहेरच्या भिंती आणि घराची स्वतःची गॅलरी धरावयाची नाहीं. जिना व आवार यांची भर घालून जागा फुगवून सांगण्याच्या चालीला त्यामुळें आळा बसला. जाहिरातींतील खोट्या विधानानें नुकसान झाल्यास भरपाई मागण्याचीही त्यांत सोय आहे. परंतु कायदा जागा मोजून देईल. त्या जागेंत कसें राहावयाचें, हें ज्याला राहावयाचें त्यानेंच पाहिलें पाहिजे.

कोणी म्हणेल, "पैसा आमचा, हौस आमची, तुम्हांस त्याचें काय?" हौसेला आमची ना नाहीं. पण ही हौस एकदां पैसे टाकून फिटत नाहीं. तलावांत कोणी उतरो वा न उतरो, त्याच्या देखभालीचा आकार दरमहा द्यावाच लागतो, आणि तो कर्जाचा हप्ता फिटल्यावरही संपत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे : "पुढें विकतांना अशाच घराला भाव येतो." हा युक्तिवाद ऐकून आम्हांस खरोखर वाईट वाटतें. वीस वर्षें हप्ते आपण भरावयाचे, आणि घर मात्र अजून न भेटलेल्या कुणा गिऱ्हाइकाच्या आवडीचें घ्यावयाचें! अशा घरांत मालक जन्मभर स्वतःचाच भाडेकरी होऊन राहतो.

तेव्हां मागावयाचेंच, तर निराळें मागावें. समोरासमोर खिडक्या आहेत काय? स्वयंपाकघरांत दोन माणसें एकमेकांस धक्का न लागतां उभीं राहतात काय? सासूबाईंना रात्रीं न्हाणीघराकडे जावयाचें, तर वाटेंत पायरी किती उंच आहे? धुणें कोठें वाळेल? मे महिन्यांत पाणी कोठून येईल? आणि उल्हासच्या कांठीं घर घेणारानें तर पहिला प्रश्न पुराच्या रेषेचा विचारावा. २६ जुलै २००५ रोजीं या नदीनें आपली हद्द सर्वांस दाखवून दिली आहे. जेथें पाणी न बोलावतां येतें, तेथें तलावाचे पैसे आधीं मोजणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे.

बांधणारास दोष देणें सोपें आहे, आणि पुष्कळदां तो योग्यही असतो. परंतु ज्याला मागणी असते तेंच तो बांधतो. नमुन्याचें घर पाहावयास आठ जणांचें कुटुंब जातें आणि देवडीचा संगमरवर पाहून खुषींत परत येतें. त्या आठांपैकीं एकानें तरी खिडकी उघडून वारा येतो कीं नाहीं हें पाहिलें, तरच पुढच्या इमारतीची खिडकी कांहींशी मोठी होईल.