अल्प मोलाचें उत्तम रीळ

घरांतील एखाद्या तरुणास गोड्या पाण्यांत गळ टाकण्याचा छंद असल्यास रिळाच्या खरेदीचा प्रश्न येतोच. सध्यां रूढ असलेल्या स्थिर फिरकीच्या रिळाचें पेटंट इंग्लंडांतील लोकर-व्यवसायी आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनीं १९०५ सालीं घेतलें. टाकतेवेळीं फिरकी फिरत नाहीं. दोरा तिच्या कडेवरून सुटतो, हें त्याचें मर्म.

दुकानदार प्रथम बेअरिंगांची संख्या सांगतो. परंतु वाचकहो, संख्या म्हणजे गुण नव्हे. हलक्या प्रतीच्या दहांपेक्षां चांगलीं चार बरीं. खरी परीक्षा ‘ड्रॅग’ची, म्हणजे मासा ओढूं लागतां दोरा बेताबेतानें सोडणाऱ्या घर्षणयोजनेची. ती अर्धी आवळून दोरा हातानें ओढावा. तो हिसके न देतां सरकला पाहिजे. मूठ फिरवितांना खरखर किंवा डगमग नसावी. नदी-तळ्यांतील मध्यम माशांस २५०० क्रमांकाचें रीळ पुरतें. उरलेले पैसे चांगल्या तंगुसावर खर्चावे.

ड्रॅग अडखळला कीं दोरा तुटतो, आणि तोंडांत गळ रुतलेला मासा व्यर्थ क्लेश भोगतो. म्हणून हा विचार केवळ काटकसरीचा नव्हे. सोनें कसास लावून घ्यावें, रीळ ताणास लावून!