‘थांब’ म्हणण्याचा हक्क

आकुर्डीच्या औद्योगिक पट्ट्यात लहान कारखान्यात जड लेथ बसवायचा झाला, की क्रेन दारापर्यंत येते. पुढच्या दहा-वीस फुटांत पहारी, लोखंडी पाइप आणि कामगारांचे खांदे एवढीच साधने उरतात. तेथे सारी भिस्त एका आवाजावर असते.

‘जोर लगाके’ या शब्दांवर पाय रोवले जातात, श्वास भरला जातो. ‘हैश्शा’वर सर्वांचे बळ एकाच क्षणी लागते. सहांपैकी दोघे क्षणभर मागे राहिले तरी त्यांचा भार उरलेल्या चौघांच्या कमरेवर पडतो. श्रम आणि ताल यांच्या या नात्यावर जर्मन अर्थशास्त्रज्ञ कार्ल ब्यूशर यांनी १८९६ साली स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला होता.

परंतु हाक निराळी आणि हुकूम निराळा. हाक देणारा भाराजवळ असतो, सोबत्यांचा दम ओळखतो. हुकूम देणाऱ्याची नजर घड्याळावर असते. एकाच भारावर असे दोन आवाज चालू लागले, की अपघाताला आमंत्रण मिळते.

हाकेमागे सहवास लागतो. ‘सोड’ म्हणजे सावकाश खाली घ्यायचे की हात काढून घ्यायचा, हे जुन्या टोळीला सवयीने कळते. कालच परप्रांतातून आलेल्या मजुराला ते कळेलच असे नाही. माथाडी कामगारांना १९६९ च्या कायद्याने नोंदणी, मंडळामार्फत मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी दिला. त्याच्या आधाराने टोळीलाही स्थैर्य आले. कंत्राटदार रोज नवी माणसे जमवतो तेव्हा मजुरीचा दर तर पडतोच, शिवाय परस्परांचा आवाज ओळखणारी टोळीही मोडते. तिची किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. ती कामगाराच्या मणक्यातून आणि बोटांतून वसूल होते.

म्हणून मागणी साधी आहे. भाराला हात लावण्यापूर्वी हाक कोण देणार आणि कोणत्या शब्दाचा अर्थ काय, हे सर्वांना समजेल अशा भाषेत ठरावे. ‘उचला’ एकानेच म्हणावे. ‘थांबा’ मात्र कोणीही म्हणावे. क्रेनच्या कामात हा दंडक जगभर मान्य आहे. खांद्यावरच्या कामाला तो का नसावा? आणि ‘थांबा’ म्हणणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, याची हमी लेखी हवी. कार्यकर्त्यांनी पुढील द्वारसभांत वेतनवाढीच्या मागणीबरोबर ही मागणीही ठेवावी. ज्याच्या खांद्यावर भार आहे, त्याच्या शब्दाला वजन मिळालेच पाहिजे.