थिअरीला नंबर असतो, प्रॅक्टिकलला आडनाव

मे-जून आला की माझा फोन वाजायला लागतो. पुसद, उमरखेड, हिंगोली, कधी थेट किनवट. "ताई, पोरगी बारावी झाली. एजंट म्हणतो नोएडाकडं नर्सिंगला सीट आहे. लावू का?" मीही तशीच आले होते. मामा गाझियाबादला रेल्वेत होते, एवढ्या एका आधारावर. आज दिल्लीतल्या एका सरकारी दवाखान्यात नर्सिंग ऑफिसर आहे, म्हणून गावाकडच्यांना वाटतं की मला सगळं ठाऊक असणार.

दहा वर्षं मी या मुलींना एकच सांगत आले. मन लावून शिक, सिस्टरला उलटून बोलू नको, हसतमुख राहा, तीन वर्षं हां हां म्हणता निघून जातील. चुकलं माझं. हा सल्ला मी परत घेते आहे, आणि का घेते आहे ते इथंच लिहिते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकजण आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहेत आणि असे फोन त्यांनाही येत असणार.

नर्सिंगची परीक्षा दोन पायांवर उभी असते. थिअरीत पन्नास टक्के वेगळे पाहिजेत, प्रॅक्टिकलमध्ये पन्नास वेगळे. एकातलं दुसऱ्यात चालत नाही. परीक्षेला बसायला हजेरी ऐंशी टक्के लागते आणि कोर्स पुरा व्हायला प्रॅक्टिकलची शंभर. थिअरीच्या पेपरवर तुमचा नंबर असतो, तपासणाऱ्याला तुमचं तोंड दिसत नाही. प्रॅक्टिकलला तुम्ही समोर उभ्या असता, एप्रनवर नावाची पट्टी लावून. शिवाय परीक्षेच्या आधी तीन वर्षं लॉगबुक, केस बुक, ड्रग बुक, प्रत्येक प्रोसिजरपुढं कुणाची तरी सही लागते. सही नाही तर ते काम तुम्ही केलंच नाही. आपली मुलगी पुस्तक पाठ करून नापास होत नाही. ती सहीसाठी नापास होते.

दिल्लीला आपली आडनावं कळत नाहीत हे खरं आहे. वानखेडे म्हटलं की त्यांना स्टेडियम आठवतं. पहिले सहा महिने मला वाटलं, सुटलो बाबा, इथं कुणी विचारणार नाही. मग स्कॉलरशिपची यादी नोटीस बोर्डावर लागली, नावापुढं कॅटेगरीचा रकाना भरून. त्या दिवसापासून मेसमध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. भांडण नाही, शिवी नाही, फक्त खुर्ची. तक्रार कशाची करणार?

खरा फटका बसला मिडवाइफरीला. आमच्या केस बुकात वीस प्रसूती स्वतः करायच्या होत्या. पोस्टिंग दुसऱ्या एका मोठ्या दवाखान्यात, कॉलेजच्या बसने जायचं. रोस्टरवर माझं नाव लेबर रूमलाच असे, पण सकाळी इन्चार्ज सिस्टर बोटानं वाटणी करायची. तू टेबलवर. तू टेबलवर. आणि तू? तू ड्रम भर. गॉज काप. चादरी मोज. बेडपॅन धू. बुलंदशहरकडची एक जाटव मुलगी आणि मी, आम्ही दोघी ऑटोक्लेव्हच्या खोलीत. काचेतून बाळाच्या रडण्याचा आवाज यायचा आणि आमच्या हातात कात्री. पोस्टिंग संपत आली तेव्हा बाकीच्यांच्या अठरा-एकोणीस झाल्या होत्या. माझ्या सात, तिच्या पाच. ट्यूटर म्हणाल्या, "तुम लोग काम से भागती हो, केस पूरे नहीं हैं, फॉर्म नहीं जाएगा."

मी वाचले ते हुशारीमुळं नाही. मला रोज रात्री डायरी लिहायची सवय होती, ती वडिलांनी लावलेली. ते सालदार होते, कोणत्या दिवशी कुणाच्या शेतात काय काम केलं ते वहीत मांडून ठेवायचे, कारण मालकाचा हिशेब नेहमी मालकाच्या बाजूनं चुकायचा. माझ्या डायरीत तारीखवार होतं: आज ड्रम, आज चादरी, आज ड्रम. खोलीत एक मल्याळी मुलगी होती. तिनं तिच्या तारखा माझ्याशी जुळवून दिल्या, कोणत्या दिवशी टेबलवर कोण होतं ते. आम्ही दोन पानांचं पत्र लिहिलं, त्यात जात हा शब्द एकदाच घातला, बाकी सगळ्या तारखा. ऑफिसात दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का घेतल्याशिवाय जागची हलले नाही. तीन आठवड्यांच्या नाइट लागल्या आणि माझ्या वीस पूर्ण झाल्या. बुलंदशहरवालीनं सही करायला नकार दिला. तिला वाटलं, अजून चिडतील. ती परीक्षेला बसली नाही, घरी गेली, परत आली नाही. "हसतमुख राहा" हा सल्ला तिनं माझ्यापेक्षा जास्त पाळला होता.

हे एका इन्चार्जच्या स्वभावाचं प्रकरण असतं तर मी लिहिलं नसतं. दिल्लीत यावर दोनदा कागदोपत्री लिहिलं गेलंय, आणि दोन्ही वेळा आपल्या मराठी माणसांनी. एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या डॉ. सुखदेव थोरात समितीचा अहवाल 2007 चा. दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी त्यात सांगितलं होतं की प्रॅक्टिकल आणि व्हायवामध्ये त्यांना न्याय मिळत नाही, आडून आडून जात विचारली जाते. एम्सच्या प्रशासनानं तो अहवाल मानला नाही. मग 2012 मध्ये डॉ. भालचंद्र मुणगेकरांचा अहवाल आला, सफदरजंगच्या आवारातल्या वर्धमान महावीर मेडिकल कॉलेजवर. तिथं राखीव जागांवरच्या मुलांना फिजिऑलॉजी या एकाच विषयात पुन्हापुन्हा नापास केलं जात होतं. त्या वर्षी मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, तिथून तासाभराच्या अंतरावर. आमच्या हॉस्टेलमध्ये कुणाच्या कानावरही हे आलं नाही.

कानावर का आलं नाही, याचा दोष मी सवर्णांवर टाकणार नाही. दोन्ही अहवाल होणाऱ्या डॉक्टरांवर आहेत. नर्सिंगच्या मुलींसाठी अशी चौकशी मागायला कुणी जंतरमंतरवर बसल्याचं मी पाहिलं नाही. आयआयटीतलं एक मरण, जेएनयूतलं एक निलंबन यावर आपण रात्र रात्र लिहितो, आणि लिहिलंच पाहिजे. डॉ. पायल तडवी 22 मे 2019 ला मुंबईच्या नायर हॉस्पिटलात गेली तेव्हाही आपण लिहिलं. तिच्या घरच्यांच्या आरोपांत एक आरोप असा होता की वरिष्ठ तिला प्रसूती करू देत नव्हत्या. तो वाचला तेव्हा मला कापलेल्या गॉजचा वास आला. जी मुलगी मरत नाही, फक्त फॉर्म न भरता गावी परतते आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न होतं, तिच्यावर आपल्या चळवळीकडं एक ओळ नाही. नर्सिंग म्हणजे चळवळीच्या लेखी "बाईमाणसाची नोकरी". एवढंच.

आणि मग तो शब्द, सेवा. पहिल्या वर्षी दिवे हातात देऊन शपथ घ्यायला लावतात, भिंतीवर नाइटिंगेलबाईंचा फोटो असतो, 12 मे ला केक कापतात. मला नाइटिंगेलबाईंशी भांडायचं नाही. पण सेवेच्या नावाखाली फुकट राबवून घेणं म्हणजे काय, हे आपल्या आजीला विचारा. गावकीची कामं सेवाच होती. आज खाजगी कॉलेज विद्यार्थिनीला स्टाफच्या जागी उभं करतं, दहा मुलींमागं एक शिक्षक असायला हवा तिथं वॉर्डात एकही नसतो, आणि कुणी विचारलं की उत्तर तयार: नर्सच्या अंगी सेवाभाव पाहिजे. सावित्रीबाईंनी प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर उचलून दवाखान्यात आणलं आणि त्याच साथीत 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. ती सेवा त्यांनी निवडली होती. त्यांना कुणी रोस्टरवर लावलं नव्हतं.

बेडपॅनबद्दल गैरसमज नको. बेडपॅन देणं-घेणं हा फंडामेंटल्सचा पहिला धडा आहे, ज्या नर्सला त्याची किळस वाटते तिनं हा पेशा सोडावा. माझं भांडण इतकंच की तो धडा वर्गातल्या सगळ्यांना द्या, रोज त्याच दोघींना नको. आणि हेही सांगून टाकते: नोकरी लागल्यावर पहिलं वर्षभर मी वॉर्डातल्या वाल्मिकी ताईला "ए, इधर पोछा मार" म्हणत होते. ठेक्यावरची बाई, माझ्या आईच्या वयाची. एकदा ती म्हणाली, "सिस्टर, आप के यहाँ भी ऐसे ही बुलाते हैं?" त्या दिवसापासून जीभ सुधारली. आधी सुधारायला हवी होती.

आता फोनवर मी मुलींना वेगळं सांगते. डायरी घाल, पहिल्या दिवसापासून. तारीख, वॉर्ड, काय करायला लावलं, शेजारी कोण होतं. लॉगबुकाच्या सही झालेल्या प्रत्येक पानाचा त्याच दिवशी फोटो, पेशंटचं नाव झाकून. लॉगबुक हरवतात, तुमचेच हरवतात. तोंडी तक्रार करू नको, लिहून दे आणि शिक्का घे. मूळ मार्कशीट कुणाच्या कपाटात राहू देऊ नको, आणि ती अडकवून नोकरीचा बाँड लिहायला लावला तर आधी कुणाला तरी दाखव, मग पेन उचल. कॉलेजात दाद लागली नाही तर अनुसूचित जाती आयोगाचं ऑफिस खान मार्केटजवळ लोकनायक भवनात आहे, मेट्रोनं जाता येतं. कलम 338 नं त्या आयोगाला चौकशीसाठी दिवाणी कोर्टासारखे अधिकार दिलेत, माणसं बोलावण्याचे, कागद मागवण्याचे. लोक मला म्हणतात, आयोगाकडून काय होतंय? होतं असं की कॉलेजला उत्तर लिहावं लागतं, आणि उत्तर लिहायला बसलं की रोस्टर शोधावं लागतं.

पालकांना मी अॅडमिशनच्या आधीचंही सांगते. एनसीआर हा नकाशा आहे, कायदा नाही. चिल्ला बॉर्डर ओलांडली की राज्य बदलतं, नर्सिंग कौन्सिल बदलतं, पगाराचे नियम बदलतात. 29 जानेवारी 2016 ला सुप्रीम कोर्टानं खाजगी नर्सच्या पगाराचा प्रश्न समितीकडं दिला, समितीनं पन्नास खाटांपेक्षा लहान दवाखान्यातही किमान 20,000 आणि दोनशेच्या वरच्या ठिकाणी सरकारी नर्सइतका पगार सुचवला. दिल्ली सरकारनं 2018 मध्ये तसा आदेश काढला, हॉस्पिटलवाले हायकोर्टात गेले आणि जुलै 2019 मध्ये हरले. पण तो आदेश दिल्लीचा. नोएडात मला पहिला पगार बारा हजार मिळाला. एजंट यातलं काही सांगत नाही. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का आणि त्यात पेशंट आहेत का, हेही तो सांगत नाही. एकदा जाऊन ओपीडीत तासभर बसा, कळतं.

एकटीनं मात्र काही होत नाही. जून 2021 मध्ये दिल्लीच्या जी. बी. पंत हॉस्पिटलात फर्मान निघालं की नर्सेसनी ड्यूटीवर मल्याळममध्ये बोलायचं नाही, फक्त हिंदी-इंग्रजी. दुसऱ्याच दिवशी मागं घ्यावं लागलं, एवढा गदारोळ मल्याळी नर्सेसनी आणि त्यांच्यामागं उभ्या राहिलेल्यांनी केला. त्या वेळी आमच्या ड्यूटी रूममध्ये मी मनात मोजलं, माझ्यावर असं काही आलं तर या दवाखान्यात किती जणी उभ्या राहतील? मराठी आम्ही चौघी. त्यात जय भीम म्हणणाऱ्या दोघी, आणि दुसरी ते हळू आवाजात म्हणते. आता आम्ही दोघी मिळून महिन्यातून एका रविवारी आसपासच्या कॉलेजांतल्या मुलींना बोलावतो, वाल्मिकी, जाटव, आपल्याकडच्या, एक झारखंडची उरांव मुलगीही येते. भाषण नाही. डायऱ्या काढतात आणि एकमेकींच्या वाचतात.

आता सही करणारा हात माझा आहे. परवा सकाळच्या ड्यूटीत एका विद्यार्थिनीनं कॅथेटरायझेशन केलं, मी शेजारी उभी होते. लॉगबुक पुढं केलं तेव्हा मी घाईत होते, औषधांची ट्रॉली अडली होती, तोंडातून निघालं, "बाद में." ती हलली नाही. म्हणाली, "मॅडम, बस दो बजे छूट जाती है." मी ट्रॉलीवरच वही ठेवून सही केली, तारीख घातली. तिनं मोबाइल काढला, फोटो घेतला, आणि पळाली.