हेलिकॉप्टरातली चकली

२०२४ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. विधानसभेचा प्रचार, आणि सोमवारपासून आमच्या घरात बॅगा उघडत होत्या. टीव्हीवर एक, नवऱ्याच्या मोबाईलवर दुसरी आणि तासगावच्या भावोजींनी ‘हे बघा’ म्हणून पाठवलेली तिसरी. सगळ्यांचा आवाज एकदम. त्यात कुकरच्या शिट्ट्या मोजायची सोय राहिली नाही. बुधवारी डाळ करपली, ती कुणाच्या बॅगेमुळे यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.

झालं ते तुम्हांला माहीतच आहे, तरी एकदा सांगून टाकते. ११ तारखेला वणीच्या हेलिपॅडवर अधिकाऱ्यांनी उद्धव ठाकऱ्यांची बॅग तपासली. ठाकऱ्यांनी ती तपासणी स्वतःच मोबाईलवर टिपली, आणि मोदी-शहांच्या बॅगा उघडल्या होत्या का, असं विचारलं. दुसऱ्या दिवशी औशात पुन्हा तेच. मग भाजपने यवतमाळ आणि कोल्हापूरचे व्हिडिओ काढून दाखवले, की बघा, फडणवीसांची बॅग तर आम्ही आधीच उघडू दिली होती. मग पालघरला तेव्हाचे मुख्यमंत्री शिंदे, मग अजितदादा, शुक्रवारी हिंगोलीत अमित शहा, आणि शनिवारी अमरावती जिल्ह्यात राहुल गांधी. निवडणूक आयोग म्हणतो, नियम सगळ्यांना सारखा.

नियम सारखा असेल. बघणाऱ्यांचे डोळे सारखे नाहीत. आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मे महिन्यात मी त्यावर लेख लिहिला, तेव्हा दोन्ही पक्षांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता. नवरा काँग्रेसच्या हाताचा. लोकसभेला सांगलीची जागा ठाकऱ्यांच्या मशालीला गेली तेव्हा त्याने हात गुपचूप खिशात घातला आणि विशाल पाटलांच्या लिफाफ्यापुढचं बटण दाबून आला. लिफाफा निवडून आला, काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र देऊन मोकळा झाला, आणि नवराही ‘मी पक्ष सोडलाच कधी?’ म्हणायला मोकळा झाला. त्याच्या मते ठाकऱ्यांची बॅग तपासणं हा छळ आणि शहांची तपासणं हे नाटक.

भावोजींचं दुखणं जास्त अवघड आहे. ते कमळाचे. दहा वर्षं त्यांचे खासदार संजयकाका पाटील कमळावर होते. या निवडणुकीत तेच काका तासगावात अजितदादांच्या घड्याळावर उभे होते, समोर आर. आर. आबांचे चिरंजीव रोहित तुतारी घेऊन. तिकडे इस्लामपुरात जयंत पाटलांसमोर निशिकांत भोसले-पाटील, तेही भाजपमधून येऊन घड्याळावरच. २०१४ साली भावोजी जेवायला बसले की फडणवीसांची नक्कल करून अजितदादांच्या नावाने ‘चक्की पिसिंग’ म्हणायचे, आणि सासूबाईंना हसून ठसका लागायचा. या वेळी त्याच भावोजींनी अजितदादांच्या बॅगेचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, ‘याला म्हणतात पारदर्शकता.’ त्या बॅगेत चकल्या होत्या. दादा तपासायला आलेल्या माणसालाच त्या खायचा आग्रह करत होते. दहा वर्षांत चक्कीची चकली झाली, आणि भावोजींना ती गिळावी लागली.

मी मात्र त्या व्हिडिओत पैसे शोधले नाहीत. चकल्या दिसल्याबरोबर चष्मा लावला. कॅमेरा इतका हलतो की काटे उठलेत का, वेढे सुटलेत का, काही कळत नाही. तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांच्या घरची भाजणी काय प्रमाणाची, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या एकाही वार्ताहराला पडला नाही.

मला पडला, कारण चकलीवरून माझी अब्रू गेलेली आहे. मागच्या दिवाळीत चकल्या सादळल्या म्हणून लिहिलं, तर तुम्ही पत्रांचा पाऊस पाडलात. कुणी म्हणालं उकड काढा, कुणी म्हणालं लोणी घाला, मिरजेच्या एका आजोबांनी सोऱ्याच बदलायला सांगितला. यंदा सगळं शिस्तीत केलं. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभराडाळ, एक उडीदडाळ, अर्धी मूगडाळ, धणे-जिरे, सगळं वेगवेगळं खमंग भाजून. आणि तेल आणायला गेले, तर दुकानदाराने भाव सांगितला. तो ऐकून मी पाच लिटरचा डबा खाली ठेवला आणि एकेक लिटरच्या दोन पिशव्या उचलल्या.

हे महाग का झालं, तेही दुकानदारानेच समजावलं. २०२४ च्या सप्टेंबरच्या मध्याला केंद्राने खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं. कच्च्या तेलावर शून्य होतं ते २० टक्के झालं, रिफाइंडवर साडेबारा होतं ते साडेबत्तीस. हेतू चांगला, बाहेरून स्वस्त तेल येऊ नये आणि आपल्या सोयाबीनवाल्याला भाव मिळावा. आता आमचा धाकटा भाऊ वाळवा तालुक्यात सोयाबीन करतो. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ रुपये क्विंटल होता. बाजारात तो भाव त्याने फलकावर वाचला, पावतीवर पाहिला नाही. निवडणूक लागल्यावर मात्र सभांमधलं सोयाबीन रोज चढत होतं. पंतप्रधान म्हणाले ६,००० देऊ, काँग्रेस म्हणाली ७,००० देऊ. भाऊ म्हणतो, ‘अक्का, सभेतच माल विकायला न्यावा म्हणतो.’

म्हणजे बघा, भावाने सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलं आणि बहिणीने तेल चढ्या भावाने घेतलं. मधला पैसा कुठल्या बॅगेत गेला? ती बॅग उघडणारं पथक या राज्यात अजून नेमलेलं नाही. आणि आमच्या घरातले दोन्ही पक्ष यावर चकार शब्द बोलत नाहीत, कारण त्याचा व्हिडिओ नाही.

तर, तेल बेताचं. बेताच्या तेलात घाई झाली, घाईत आच मोठी झाली, आणि चकल्या बाहेरून लालबुंद, आतून मऊ. तशाच डब्यात भरून भाऊबीजेला इस्लामपूरला निघालो. वाटेत नाक्यावर तंबू टाकलेला, आडवी लोखंडी जाळी, आणि हात दाखवणारा पोलीस. पन्नास हजारांच्या वर रोकड आहे का, म्हणून विचारलं. नवऱ्याला एकदम आपण मोठे असल्यासारखं वाटलं. उतरून, पाठीमागे हात बांधून उभा राहिला. डिकी उघडली. एक अधिकारी, एक महिला पोलीस आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला विशीतला एक मुलगा. सगळी तपासणी चित्रित करावी लागते म्हणे.

पहिला डबा करंज्यांचा. दुसरा चिवड्याचा. तिसरा उघडला आणि त्या बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी एक चकली उचलली, दोन बोटांत धरून दाबली. मोडायची ती वाकली.

‘आच मोठी होती का ओ, ताई?’

कॅमेरा चालू होता. मी मान हलवली. मग त्यांनी सांगितलं की घाणा टाकल्यावर बुडबुडे कमी होईपर्यंत आच मध्यमच ठेवायची, हात आवरायचा. अधिकारी घड्याळाकडे बघत होते. मी विचारलं, तुम्ही केल्यात का? त्या म्हणाल्या, यंदा कुठलं. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली तेव्हापासून हे असंच. लक्ष्मीपूजनालाही इथंच होते. मी करंज्यांचा डबा पुढे केला, कारण चकल्या पुढे करायला तोंड नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला. घेता येत नाही म्हणाल्या, आणि डोळ्यांनीच कॅमेरा दाखवला.

त्यामुळे माझी बिघडलेली चकली आता सरकारी चित्रीकरणात आहे, बहुधा जिल्ह्याच्या कचेरीत कुठेतरी, तारीख-वेळेसकट. नवरा तेवढ्यावरून दोन आठवडे हसतोय. पण वणीचा व्हिडिओ पाहताना मला त्या बाई आठवल्या आणि नवऱ्याशी माझं वाजलं. बॅग तपासणाऱ्या माणसाला नाव काय, गाव कुठलं, याआधी कुणाची बॅग उघडलीस, असं कॅमेरा रोखून विचारायचं, आणि तो व्हिडिओ राज्यभर फिरवायचा. प्रश्न बरोबर असतील. मोदी-शहांची बॅग उघडलीच पाहिजे, त्यात मला शंका नाही. पण ते विचारायचं तर आयोगाला विचारा. त्या माणसाची दिवाळी त्या तंबूतच गेलेली असते, आणि त्याच्या हातात यादीशिवाय काही नसतं. नवरा म्हणाला, ‘तू कुणाच्या बाजूची?’ मी म्हटलं, नाक्याच्या.

भावाने ओवाळणीत पाचशेची नोट ठेवली. ‘सरकार महिन्याला पंधराशे देतंय, भावानं काय करावं?’ म्हणाला. वहिनीच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे तीन हजार दिवाळीच्या आधीच एकदम आले होते, त्यामुळे त्या घरात तिचा आवाज वाढलेला. काही दिवसांतच एक बाजू २,१०० देणार म्हणाली, दुसरी ३,०००; भावाला ते आधीच दिसत असावं. भावाने ताटातली नोट उचलून परत खिशात घालण्याचा आव आणला आणि म्हणाला, ‘अक्का, बोली चालू आहे. निकालापर्यंत थांबतीस का?’

घरी सासूबाईंचं स्वतःचं भरारी पथक आहे. प्रचाराला येणाऱ्याला त्या आधी पाणी देतात, मग खुर्ची देतात, आणि मग पिशवी बघतात. गुरुवारी आमच्याच गल्लीतला एक मुलगा पत्रकं वाटत आला. नाव सांगत नाही, त्याची आई मला रोज मंडईत भेटते. सासूबाईंनी ‘काय आणलंयस रे?’ म्हणत त्याची पाठीवरची सॅक ओढून मांडीवर घेतली. आत मतदार याद्या, चार्जर, चेपलेला जेवणाचा डबा आणि दोन उपरणी. दोन वेगळ्या रंगांची. पोरगं कावरंबावरं झालं. म्हणालं, ‘आजी, सकाळी यांचं, संध्याकाळी त्यांचं. दोघंही रोजावर देतात. मत कुणाला ते अजून ठरवलं नाही.’ सासूबाईंनी उपरण्यांच्या घड्या घालून सॅकमध्ये परत ठेवल्या आणि त्याला ताटलीत दोन चकल्या दिल्या. त्याने एकच खाल्ली. मी पाहिलं, दुसरी त्याने हळूच चार्जरच्या कप्प्यात टाकली.

तो गेल्यावर सासूबाईंनी सासऱ्यांच्या शबनम पिशवीचा विषय काढला. सासरे शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे. एन. डी. पाटलांची सभा जिथे असेल तिथे सायकल काढून जाणारे. त्या पिशवीत पत्रकं असायची, भिंती रंगवायला गेरू आणि चुन्याच्या पुड्या, खजुरीच्या काडीचा ठेचलेला कुंचला, आणि एका डब्यात खळ. ती खळ सासूबाईंनाच पहाटे उठून शिजवावी लागायची, घरातल्या गव्हाच्या पिठाची. पक्षाने पिठाचे पैसे कधी दिले नाहीत, ही तक्रार त्या अजून करतात. पक्षाची खटारा ही निशाणी काढायला सोपी, दोन गोल काढले की चाकं झाली. पण सासऱ्यांची चाकं कधी सारखी यायची नाहीत, एक मोठं, एक लहान. लोक म्हणायचे, तुमचा खटारा कायम चढावर का हो? आणि पिशवीच्या तळाला वर्तमानपत्राच्या कागदात भडंग. दिवसभर तेवढंच खायचं.

मी विचारलं, भडंगच का? घरचं काही द्यायचा नाहीत?

सासूबाई म्हणाल्या, ‘चकल्या दिल्या होत्या एकदा. तशाच परत आणल्या. माझ्यापण मऊच व्हायच्या.’

बावीस वर्षांत हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. बॅगांचं काय झालं, कुणाची उघडली, कुणाची राहिली, ते मला त्यानंतर नीटसं आठवत नाही.

प्रचार सोमवारी संध्याकाळी सहाला थांबणार होता. बुधवारी २० तारखेला सकाळी सातपासून मतदान होतं. केंद्रात मोबाईल नेऊ देत नव्हते, तेव्हा तो घरीच ठेवायचा होता. आणि आमच्याकडे कुणी मतं मागायला येणार असेल तर आधीच सांगून ठेवते, चकल्या संपल्या. भडंग आहे.