नड आणि सवड

‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ या म्हणीतला हरी गरीब आहे, असं कुणीच म्हटलेलं नाही. तो अडलेला आहे. आपल्या दारिद्र्यरेषांना हा फरक कधी पकडता आला नाही. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये १९६०-६१ च्या भावांनी माणशी दरमहा खर्चाची रेषा आखली, खेड्यात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. पोटाला २,२५० कॅलरी मिळतात का, हा त्यामागचा हिशेब, आणि त्या काळी तो मोलाचाच होता. पुढे तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी खेड्यात ८१६ आणि शहरात १,००० रुपये ठरले. आकडे बदलले, पण घर महिन्याला किती खर्च करतं एवढंच मोजलं गेलं. त्या घराला चार दिवस थांबता येतं का, हे कोणत्याच रेषेने विचारलं नाही. माझ्या मते गरिबीची खरी खूण तिथेच आहे.

ऑक्टोबरातलं सोयाबीन पाहा. मळणी नुकतीच झालेली, दाण्यात ओल. व्यापारी पोत्यात हात घालतो, चार दाणे दाताखाली धरतो आणि ‘माल ओला आहे’ म्हणून भाव पाडतो. त्याचं म्हणणं अनेकदा खरंही असतं. हमीभावाच्या खरेदीतही ओलाव्याची अट १२ टक्क्यांची आहे. माल वाळवायला लागतं ते खळं, एखादी ताडपत्री आणि चार दिवसांचं ऊन. ऊन फुकट आहे, चार दिवस नाहीत. कृषी सेवा केंद्राची उधारी थकलेली, रब्बीचं बियाणं घ्यायचं, दिवाळी तोंडावर. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजार त्याच्या बराच खाली होता, आणि नडलेल्याने त्या भावात माल घातला. शेजारचा मोठा शेतकरी तेच वाण पेरतो, त्याच पावसात भिजतो. पण त्याची पोती घरात पडून राहू शकतात. ऊसतोड कामगाराची गोष्ट याच्याही पुढची. त्याचं पीक म्हणजे त्याची मेहनत, आणि ती हंगामाआधीच मुकादमाच्या उचलीपोटी विकली गेलेली असते. कोयता हातात येण्याआधी भाव ठरलेला.

यावर कुणी म्हणेल, थांबणं हाही जुगारच. खरं आहे. चाळीतला उन्हाळ कांदा दर महिन्याला घटतो, सडतो, त्याला कोंब येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये भाव जरा वर येऊ लागले आणि केंद्राने ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. वाट पाहणारेच त्यात सापडले. पण जुगार खेळता येणं हीसुद्धा ऐपतच. ज्याची चाळ आहे तो एका वर्षी बुडतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा चाळ भरतो. ज्याने काढणीबरोबर कांदा विकला, त्याच्याकडे बुडायलाही काही उरलेलं नसतं. दुसरा आक्षेप काटकसरीचा: बचत केली असती तर नड आली नसती. पण पडत्या भावात विकून हातात आलेल्या रकमेतून आधी उधारी फिटते आणि तिचं व्याज उधार घेतलेल्या मालाच्या किमतीत आधीच मुरलेलं असतं. बचत करायची ती यातून उरलेल्यातून, म्हणजे बहुतेकदा शून्यातून.

थांबण्याची सोय सरकारला सुचलीच नाही, असं नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे: बाजार समितीच्या गोदामात माल ठेवा, किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत कर्ज घ्या, भाव आला की विका. गरिबीवर इतका नेमका इलाज आपल्याकडे क्वचितच झाला आहे. पण पाच क्विंटलवाल्याने माल वाळवायचा कुठे, तो तालुक्याला न्यायचं भाडं द्यायचं कुठून, आणि बाजार समितीने गोदाम आणि पैसा राखलेलाच नसेल तर? शिवाय गावात बियाणं-खत उधार देणारा दुकानदारच अनेकदा सोयाबीनही घेतो. त्याच्या वहीत नाव असताना पोती गोदामाकडे वळवायची, तर पुढच्या जूनमध्ये बियाणं कोण देणार?