तीन प्रश्न
फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ यांना १८९७ साली ताहिती बेटावर कन्या अलीन हिच्या निधनाची वार्ता कळली. त्या शोककाळातच त्यांनी सुमारे पावणेचार मीटर रुंदीचे तैलचित्र रंगविले. ते आज बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. निळ्या-हिरव्या वनराईत उजवीकडे निद्रिस्त अर्भक, मध्यभागी फळ तोडणारी तरुण आकृती आणि डावीकडे मस्तक हातांत धरून बसलेली वृद्धा दिसते. वरच्या डाव्या कोपऱ्यात चित्रकाराने तीन प्रश्न लिहिले आहेत : आपण कोठून आलो, आपण कोण आहोत, आपण कोठे जात आहोत. अर्भक हे प्रश्न विचारू शकत नाही. वृद्धेपाशी वेळ उरलेला नाही. मधली माणसे मात्र आपापल्या व्यवहारात मग्न आहेत. हे प्रश्न खरे तर त्यांच्यासाठीच आहेत.